परमुलखातील अमानत



आपल्या समाजाला, विशेषतः कोकणातील मुस्लिम घरांना, परदेशाची गोष्ट नवी नाही. रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या गावांतून आपले पूर्वज जहाजांवर गेले. काही जण थेट दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊनला जाऊन स्थायिक झाले. गेल्या पन्नास वर्षांत कुवेत, दुबई, कतार आणि सौदी अरेबिया ही नावे आपल्या घरांत तालुक्याच्या गावाइतक्या सहजतेने उच्चारली जाऊ लागली. प्रदीर्घ काळ पुरुष एकटाच जात असे आणि पत्नी गावी सासू-सासऱ्यांपाशी राहत असे. त्या विरहाच्या दुःखाविषयी आपण पुष्कळ बोललो आहोत. आता अनेक तरुण जोडपी निकाहनंतर एकत्रच जातात. वडीलधारे समाधानाने म्हणतात, “बरे झाले, दोघे सोबत आहेत, आता काळजी नाही.”

काळजी खरोखरच मिटली का, या प्रश्नाचा आज आपण थोडा विचार करू या.

गावी असताना पती-पत्नीच्या संसारावर अनेक नजरा असतात. सून दोन दिवस नीट जेवली नाही तर सासूच्या लक्षात येते. जावयाचा चेहरा उतरला तर सासरा विचारपूस करतो. भिंतीपलीकडची शेजारीण आवाज ऐकते, भाऊ ईदला येतो तेव्हा बहिणीचे डोळे पाहतो. या नजरांचा आपल्याला कधी कधी जाचही होतो. पण त्या संसाराच्या साक्षीदार असतात. पवित्र कुरआनने सूरह निसामध्ये सांगितले आहे की, पती-पत्नीत बेबनावाची भीती वाटली तर एक लवाद पतीच्या आप्तांतून आणि एक पत्नीच्या आप्तांतून नेमावा. म्हणजे दोघांच्याही पाठीशी जाणते, निःपक्षपाती आप्त असावेत, हे त्या आदेशात गृहीतच आहे. विमान उडते तेव्हा हे सारे साक्षीदार मागे राहतात. मग ज्याला कोणी विचारणारे नाही, त्याने न्यायाने का वागावे? हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. त्याचे उत्तर मला उशिरा मिळाले आणि त्याची किंमत मी दिली नाही, माझ्या पत्नीने दिली.

१९९८ साली आम्ही दोघे कुवेतला गेलो. फरवानियात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. त्यांतील एकीत आम्ही आणि दुसरीत आणखी एक कुटुंब, स्वयंपाकघर सामाईक. मी पहाटे निघे आणि रात्री परते; सुट्टी शुक्रवारची एकच. तिला अरबी येत नव्हती, हिंदीही बेताची. फोन महाग होता आणि माहेरच्या पत्राला दहा-बारा दिवस लागत. कुवेतच्या कायद्याप्रमाणे तिचा निवासी परवाना माझ्या नोकरीवर अवलंबून होता. तिचा पासपोर्ट मी माझ्या कामाच्या ठिकाणी कपाटात ठेवला होता. उद्देश वाईट नव्हता, घरी हरवेल अशी मला भीती होती. खर्चाचे पैसे मी रोज मोजून देत असे. तिने कधी तक्रार केली नाही. मी मित्रांना अभिमानाने सांगे, “आमच्या घरी फार सब्र आहे.”

सात-आठ महिन्यांनी केरळचा एक सहकारी मला बाजूला घेऊन म्हणाला, “भाई, रागावू नका. माझी पत्नी परवा तुमच्याकडे आली होती. ती म्हणते, भाभींनी बोलता बोलता तिचा हात धरला तो तासभर सोडलाच नाही. त्यांना बरे नाही असे तिला वाटते.” मला प्रथम रागच आला. माझ्या घरातील गोष्ट परक्याने मला सांगावी! त्या रात्री मी पत्नीला विचारले. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “समोरच्या इमारतीला किती खिडक्या आहेत ते मला पाठ आहे. तुम्हाला आपल्या इमारतीच्या तरी ठाऊक आहेत का?” तिच्या मौनाला मी सब्र समजत होतो. ते सब्र नव्हते. ऐकणारे कोणी नाही म्हणून माणूस बोलणे सोडून देतो, त्यातला तो प्रकार होता.

सब्र कोणाचे आणि कोणासाठी?

सब्र हा ईमानाचा मोठा गुण आहे. परंतु तो स्वतःसाठी स्वीकारायचा असतो. दुसऱ्यावर लादून त्याचे श्रेय आपण घ्यायचे नसते. पत्नीने अडचण सहन केली तर तिला अल्लाहकडे मोबदला मिळेल, यात शंका नाही. पण ती अडचण आपल्या निष्काळजीपणामुळे निर्माण झाली असेल, तर तिच्या सब्राने आपले उत्तरदायित्व कमी होत नाही, ते वाढते.

हबशाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या परिसरातील, हिजरतीचा इतिहास आपण मुलांना सांगतो. मक्केतील छळाला कंटाळून मुसलमानांचा पहिला गट इ.स. ६१५ मध्ये समुद्र ओलांडून तेथे गेला. त्यात हजरत उस्मान (रजि.) आणि त्यांच्या पत्नी, प्रेषितांच्या कन्या हजरत रुकैया (रजि.) होत्या. पुढे हजरत जाफर (रजि.) आणि त्यांच्या पत्नी हजरत अस्मा बिन्ते उमैस (रजि.) हेही तेथे गेले. नजाशीच्या दरबारातील हजरत जाफर (रजि.) यांचे भाषण आपल्याला ठाऊक असते, त्याच परमुलखात हजरत अस्मा (रजि.) यांनी मुलांना जन्म दिला आणि दशकाहून अधिक काळ संसार केला, हे मात्र आपण विसरतो.

हिजरी ७ मध्ये, खैबरच्या सुमारास, हे कुटुंब मदीनेला परतले. तेथे हजरत उमर (रजि.) एकदा हजरत अस्मा (रजि.) यांना म्हणाले की, हिजरतीत आम्ही तुमच्या पुढे आहोत, म्हणून प्रेषितांवर आमचा हक्क अधिक आहे. हजरत अस्मा (रजि.) यांना हे लागले. त्यांनी ठणकावून सांगितले की, तुम्ही तर प्रेषितांच्या सहवासात होता. ते तुमच्यातील भुकेल्यांना जेवू घालत आणि अजाणांना शिकवत होते. आम्ही मात्र दूरच्या, परक्या भूमीत होतो. प्रेषितांना हे सांगितल्याखेरीज अन्नपाण्याला शिवणार नाही, असेही त्या म्हणाल्या. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांचे म्हणणे पूर्ण ऐकले आणि निर्णय दिला की, उमर (रजि.) व त्यांच्या सोबत्यांची हिजरत एक आणि नौकेतून आलेल्या तुम्हा लोकांच्या हिजरती दोन. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हा प्रसंग आला आहे. पुढे नौकेतून आलेले सोबती गटागटाने हजरत अस्मा (रजि.) यांच्याकडे येऊन हे बोल पुन्हा पुन्हा ऐकत असत.

वाचकहो, या प्रसंगातील एक गोष्ट आपण नीट पाहावी. परक्या भूमीतील कष्टांविषयी एक स्त्री बोलली तेव्हा प्रेषितांनी तिला सब्राचा उपदेश करून परत पाठवले नाही. तिची हिजरत त्यांनी पतीच्या हिजरतीची पुरवणी मानली नाही. ती तिची स्वतःची हिजरत मानली. आपला परदेशवास बहुधा रोजीसाठी असतो, दीनसाठी केलेल्या हिजरतीशी त्याची बरोबरी होत नाही. पण त्यातून आपल्याला मापदंड मिळतो: दोघे जातात तेव्हा प्रवास दोघांचा असतो आणि कष्टांचा हिशेबही दोघांचा ठेवावा लागतो.

पाहणारा भाऊ

मदीनेत प्रेषितांनी मुहाजिर आणि अन्सार यांच्यात बंधुत्व जोडून दिले. त्यात हजरत सलमान फारसी (रजि.) आणि हजरत अबू दर्दा (रजि.) यांनाही भाऊ केले गेले. एकदा सलमान (रजि.) भावाच्या घरी गेले. उम्मे दर्दा (रजि.) अगदी साध्या, विटक्या कपड्यांत दिसल्या. त्यांनी कारण विचारले, तेव्हा कळले की अबू दर्दा (रजि.) दिवसा रोजे आणि रात्री नमाज यांत इतके मग्न असत की संसाराकडे त्यांचे लक्षच उरले नव्हते. सलमान (रजि.) यांनी ते पाहून न पाहिल्यासारखे केले नाही. ते रात्री तेथेच राहिले आणि भावाला समजावले की, तुमच्यावर तुमच्या पालनकर्त्याचा हक्क आहे, तसाच स्वतःच्या जिवाचा आणि घरच्या माणसांचाही आहे. गोष्ट प्रेषितांपर्यंत गेली तेव्हा त्यांनी सलमान (रजि.) यांचे म्हणणे खरे ठरवले.

सलमान (रजि.) इराणातून आलेले, त्या शहरात परकेच होते. रक्ताचे नाते नव्हते. पण ज्याची नजर भावाच्या घरातील दुःखावर पडते आणि ज्याला ते बोलण्याचे धैर्य होते, तो खरा भाऊ. तो केरळी सहकारी माझा सलमान होता, हे मला पुष्कळ नंतर उमगले.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर मला दोन भागांत द्यावेसे वाटते. मागे राहिलेले साक्षीदार हे मुळात आधार होते. अल्लाहचे साक्षीपण विमानाबरोबर मागे राहत नाही. पत्नी ही पतीच्या हाती सोपवलेली अमानत आहे आणि अमानतीची परीक्षा कोणी पाहत नसतानाच होते. हा एक भाग. पण मनुष्य दुर्बल आहे, स्वतःच्या तक्व्यावर त्याने फार भरवसा ठेवू नये, हा दुसरा. म्हणून परमुलखात आपल्या घराकडे पाहू शकेल अशी नजर आपणच शोधावी आणि तिच्यासाठी दार उघडे ठेवावे.

जाण्यापूर्वी आणि गेल्यावर

पहिली गोष्ट सल्लामसलतीची. बाळाचे दूध सोडवायचे असेल तरी आईबापांनी परस्परसंमतीने आणि विचारविनिमयाने ठरवावे, असे सूरह बकराहमध्ये आले आहे. मग देश सोडण्याचा निर्णय एकट्याने घेऊन पत्नीला फक्त तारीख कळवणे कसे शोभेल?

दुसरी गोष्ट दागिन्यांची. व्हिसा आणि तिकिटासाठी पत्नीचे सोने मोडणे हे आपल्या घरांत इतके रूढ झाले आहे की त्याची नोंदही होत नाही. महर आणि तिचे दागिने ही तिची मालमत्ता आहे. तिने खुशीने दिले तर ती भेट. अन्यथा ते कर्ज आहे. ते लिहून ठेवावे आणि पहिल्या बचतीतून फेडावे.

तिसरी गोष्ट निवासाची. सूरह तलाकमध्ये इद्दतीतील घटस्फोटित स्त्रीलाही ऐपतीप्रमाणे आपण राहतो तेथे ठेवावे आणि तिला त्रास देऊ नये, अशी आज्ञा आहे. नांदत्या पत्नीचा हक्क त्याहून कमी कसा असेल? मोठे घर प्रत्येकाला परवडत नाही. पण दाराला आतून कडी, पासपोर्ट तिच्या हाती, हिशेब न मागता खर्चायचे थोडे पैसे आणि माहेरी बोलण्याची मोकळीक एवढे तर बहुतेकांना शक्य असते.

पत्नीसाठीही एक विनंती आहे. पतीच्या गप्प राहण्यामागेही बहुधा भीती असते. सौदी अरेबियाने २०१७ पासून परदेशी कामगारांच्या प्रत्येक आश्रितावर दरमहा १०० रियाल शुल्क लावले आणि २०२० पर्यंत ते ४०० रियाल केले. अनेकांनी त्या सुमारास बायकामुलांना गावी पाठवले. नोकरी जाईल का, परवाना वाढेल का, ही चिंता पुरुष घरी सांगत नाही. त्याला तो पराभव वाटतो. ती चिंता विचारून काढून घ्यावी. पवित्र कुरआनने पती-पत्नींना एकमेकांचा पोशाख म्हटले आहे. पोशाख दोन्हीकडून झाकतो, दोन्हीकडून ऊब देतो.

आणि जे तेथे आधीपासून वसले आहेत त्यांना सांगणे असे की, मशिदीत नवा चेहरा दिसला तर पगार आणि गाव विचारून थांबू नका. घरी कोण आहे तेही विचारा. पुढच्या शुक्रवारी सहकुटुंब त्यांच्याकडे जा.

त्या रात्रीनंतर मी पासपोर्ट घरी आणला. त्या सहकाऱ्याच्या पत्नीने माझ्या पत्नीला बाजारात एकटीने जायला शिकवले आणि माझ्या पत्नीने तिला तांदळाची भाकरी थापायला. आम्ही तेथे पुढे अकरा वर्षे राहिलो. गावी परतलो तेव्हा कुवेत सोडताना रडली ती माझी पत्नी. मी तर सामान मोजत होतो.

परमुलखात घर मांडणाऱ्या प्रत्येक जोडप्याला अल्लाह परस्परांचे सुकून बनवो, त्यांना न्यायाने वागण्याची बुद्धी देवो आणि त्यांच्या दाराशी एखादा सलमान पाठवो. आमीन.