कोपरा फाडलेलं कार्ड

गेल्या पावसाळ्यात पुण्याच्या जुन्या बाजारातून मी तीनशे रुपयांना पोस्टकार्डांचा एक गठ्ठा घेतला. सुतळीनं बांधलेला, एका बाजूनं ओल लागलेला. विकणाऱ्याला त्यात काडीचाही रस नव्हता. त्याच्या दृष्टीनं खरा माल म्हणजे शेजारी मांडलेली पितळी कुलपं. घरी येऊन मोजली, तर एकशे बारा कार्डं निघाली.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते आणि सुट्टीच्या दिवशी पोस्टकार्डं जमवते. तिकिटं नाही, कार्डं. ज्यांच्यावर तिकीट आधीच छापलेलं असतं अशा वस्तूंना, म्हणजे पोस्टकार्ड, आंतरदेशीय पत्र, छापील तिकिटाचं पाकीट यांना, संग्राहक ‘पोस्टल स्टेशनरी’ म्हणतात. तिकिटांच्या नेहमीच्या कॅटलॉगांत त्यांना फारशी जागा नसते, म्हणून त्यांचे वेगळे कॅटलॉग तयार झाले. १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये आशर यांचा जाडजूड कॅटलॉग निघाला. पुढे अमेरिकेत हिगिन्स अँड गेज यांनी जगभरातल्या पोस्टल स्टेशनरीची यादी छापली. त्यातल्या भारताच्या पानांची झेरॉक्स माझ्याकडे आहे. ती पानं जिथे संपतात, तिथून पुढची यादी मी स्वतःच एका स्प्रेडशीटमध्ये ठेवते.

कॅटलॉग तुम्हाला बघायला शिकवतो. भारताचं पहिलं पोस्टकार्ड १ जुलै १८७९चं. पाव आण्याचं, लंडनच्या डी ला रू कंपनीनं छापलेलं, राणी व्हिक्टोरियाचा चेहरा असलेलं. त्यावर इंग्रजीत सूचना आहे की या बाजूला फक्त पत्ता लिहावा. तिथपासून १९४९च्या त्रिमूर्तीच्या कार्डापर्यंत आणि पुढेही कॅटलॉगचे प्रश्न तेच राहतात. मूल्य किती? रंगाची छटा कोणती? लांबी-रुंदी किती? छापील ओळी कशा मांडल्यात? इंजिनिअरला हे वाचताना घरी आल्यासारखं वाटतं. ठरलेले कॉलम, प्रत्येक नगाला स्वतःचा नंबर. एकच कॉलम कुठे सापडत नाही: कार्डावर कुणी काय लिहिलंय. कार्ड कोरं आहे की वापरलेलं, इथे कॅटलॉगची चौकशी संपते.

तर गठ्ठा लावताना मी तीन ढीग करत होते. ओळखू आलेली, शंकेची आणि खराब. खराब ढिगात गेलेल्या कार्डांत एक पंधरा पैशांचं होतं, वाघाच्या चित्राचं. शिक्का ऐंशीच्या दशकातला. एक कोपरा गेलेला.

आई चष्मा शोधत खोलीत आली आणि त्या ढिगापाशी थांबली.

“हे कुणाचं गं?”

“माहीत नाही. गठ्ठ्यात आलं. फाटलंय ते.”

“फाटलं नाहीये. फाडलंय.”

मला हे ठाऊक नव्हतं. माझ्या वयाच्या बऱ्याच जणांना नसेल. शुभकार्याचं पत्र असेल तर कोपऱ्याला हळदकुंकवाचं बोट लावत. कुणी गेल्याची बातमी असेल तर वर ‘श्री’ लिहीत नसत आणि कार्डाचा कोपरा फाडत. ज्याला अक्षर वाचता येत नाही, त्यालाही कार्ड हातात घेताच कळावं. आई म्हणाली, “असं कार्ड आलं की पोस्टमन नेहमीसारखी हाक मारायचा नाही. नुसता दारात उभा राहायचा. ते वाचायचं आणि तिथल्या तिथे फाडून टाकायचं. घरात ठेवायचं नाही.” मग जरा थांबून म्हणाली, “आणि तू विकत आणलंस.”

त्यानंतर मी ते कार्ड वाचलं. त्यात काय होतं ते इथे सांगणार नाही. का नाही, हेच मला या लेखात शोधायचं आहे. कार्ड माझ्या पैशाचं होतं. पण त्यामुळे ते वाचायचा, दाखवायचा, जपून ठेवायचा हक्क मला मिळाला का?

पहिलं उत्तर सोपं आहे: पोस्टकार्ड उघडंच असतं. ज्याला लपवायचं होतं, त्यानं पाकीट घेतलं असतं. आमच्या भाषेत सांगायचं तर पाकीट म्हणजे एन्क्रिप्शन आणि कार्ड म्हणजे साधा मजकूर. या उघडेपणाची सुरुवातही स्वस्ताईच्या हिशेबातून झाली. १८६५मध्ये हाइनरिश फॉन स्टेफान यांनी जर्मनीत अशा उघड्या पत्राची कल्पना मांडली होती, पण ती तेव्हा स्वीकारली गेली नाही. मग १८६९च्या जानेवारीत एमानुएल हेरमान या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकानं व्हिएन्नाच्या एका वृत्तपत्रात लिहिलं, की चार ओळींच्या निरोपासाठी पूर्ण पत्राचा खर्च कशाला? त्याच वर्षी १ ऑक्टोबरला ऑस्ट्रिया-हंगेरीत जगातलं पहिलं सरकारी पोस्टकार्ड विक्रीला आलं. थोडी गुप्तता सोडा, पैसे वाचवा, असा तो सौदा होता. आपल्याकडे कोट्यवधी लोकांनी तो डोळे उघडे ठेवून केला. माझ्या गठ्ठ्यातल्या कितीतरी कार्डांवर ‘बाकी समक्ष भेटीत’ आहे. रस्त्यात कोण कोण वाचणार हे लिहिणाऱ्याला माहीत होतं आणि त्यानं बेतानंच लिहिलं होतं.

मग मी वाचलं तर बिघडलं कुठे?

हा युक्तिवाद मला जास्तच पटत होता, म्हणून मी सावध झाले. कारण तो मी आधी एकदा वापरला होता.

काही वर्षांपूर्वी, आधीच्या एका नोकरीत, मी पैसे पाठवण्याच्या ॲपवर काम करत होते. पैसे पाठवताना खाली टीप लिहायला एक छोटा रकाना असतो ना, त्यात गडबड होती. देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटत होती. कारण शोधायला खऱ्या टिपा बघणं भाग होतं, आणि तशी रीतसर परवानगी मला मिळाली होती. चूक वीस मिनिटांत सापडली. नंतर तासभर मी नुसती वाचत बसले. भाडं, दूध, भिशी, माफी, रुसवा. लोक दहा रुपयांच्या निमित्तानं एकमेकांना काय काय सांगतात! मी कुठलाही नियम मोडला नाही. कुणाला काही सांगितलं नाही. पण त्यातली दोन माणसं मला अजून आठवतात, आणि मला ती आठवतात हे त्यांना कधीच कळणार नाही.

तो टिपेचा रकाना म्हणजे आजचं पोस्टकार्डच. लिहिणाऱ्याला अंधूक माहीत असतं की मध्ये कुणीतरी आहे, यंत्रणा आहे, कंपनी आहे. तरीही तो लिहितो, कारण वाटेत वाचलं जाणं आणि कुणीतरी बसून वाचणं यांत फरक आहे असं तो धरून चालतो. पोस्टमननं पत्ता बघता बघता दोन ओळी वाचल्या, तर तो निरोप पोचवण्याचाच भाग होता. निरक्षर म्हातारीला तर तोच वाचून दाखवायचा. त्या उघडेपणाला दिशा होती: इथून तिथपर्यंत, या लोकांच्या हातून. ‘कुणीही बघू शकत होतं’ या वाक्यातला ‘कुणीही’ म्हणजे प्रत्यक्षात पाच-सहा माणसं. चाळीस वर्षांनी पुण्यात बसलेली, कुणाचीच कुणी नसलेली मी त्यांत नव्हते.

कायद्यानंही हा गुंता फार पूर्वी सोडवायला घेतला होता. १७४१मध्ये इंग्रज कवी अलेक्झांडर पोप यांनी त्यांची पत्रं छापणाऱ्या एडमंड कर्ल या प्रकाशकावर दावा लावला. न्यायालयानं म्हटलं की पत्र ज्याला आलं, कागद त्याचा, पण ते छापायचा हक्क त्याला मिळत नाही, तो लिहिणाऱ्याकडेच राहतो. म्हणजे मी तीनशे रुपयांत एकशे बारा कागद घेतले होते. त्यांवरचे शब्द विकायला त्या कुलपंवाल्याचे कधी नव्हतेच.

या वाटणीत एक माणूस सुटतो. कागद घेणाऱ्याचा आणि शब्द लिहिणाऱ्याचा, पण ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याचं काय? जिचं लग्न मोडलं ती, जो नापास झाला तो, जे गेले ते. त्यांना कुणी विचारलेलं नसतं. तुमच्या मित्रानं एखाद्या ॲपला त्याचे कॉन्टॅक्ट्स उघडून दिले की तुमचा नंबर जातो, तसंच हे. कोपरा फाडलेल्या कार्डात हा तिसरा माणूसच सगळ्यात मोठा असतो, आणि बोलायला फक्त तोच उरलेला नसतो.

आता याच्या विरुद्धचा मुद्दा, जो मला हलका वाटत नाही. सगळ्यांनी माझ्यासारखा विचार केला, तर साध्या माणसांचा इतिहास लिहायचा कशावरून? मोठ्यांची पत्रं संग्रहालयात जातात. शेतमजुराच्या घरचं मरण एका कार्डावर असतं आणि ते कार्ड दारातच फाडलं जातं. पूर्वी काही संग्राहक कार्डावरचा तिकिटाचा चौकोन कापून अल्बमला चिकटवत आणि उरलेलं फेकून देत. पुढे अख्खं कार्डच हवं हा आग्रह धरला गेला, म्हणून मजकूर वाचले. जपणाऱ्यांचे आपल्यावर उपकार आहेत, हे मला मान्य आहे.

शिवाय काळानंही फरक पडतो. १८८०च्या कार्डावरचं भांडण आज कुणाला बोचणार नाही. वाघाच्या कार्डावरचं दुःख बोचू शकतं. त्यावर गाव, तालुका, नाव सगळं होतं. मी ते नाव फोनवर सर्चमध्ये टाइप केलं. एंटर दाबायच्या आधी थांबले. सापडलं असतं तर काय म्हणणार होते? तुमच्या घरच्या मरणाचं पत्र मला बाजारात मिळालं, पाठवू का?

त्या रात्री मी कॅटलॉग पुन्हा चाळला. त्यात जोडकार्डांचीही नोंद असते. दोन कार्डं एकमेकांना जोडलेली, एकावर आपला मजकूर आणि दुसरं उत्तरासाठी, पैसे आधीच भरलेलं. संग्राहक न तोडलेल्या जोडीला जास्त किंमत देतात. वापरलेली जोडी तशीच राहिली असेल, तर त्याचा साधा अर्थ असा की समोरच्यानं त्या कार्डावर उत्तर धाडलं नाही. एकाची वाट बघणं फुकट गेलं, आणि त्यामुळे आमचा भाव वाढला. पूर्वी मला हे कोरडेपण खटकायचं. आता त्यात एक सभ्यताही दिसते. सरकारनं जे छापलं ते कॅटलॉग केसाच्या जाडीपर्यंत मोजतो. माणसानं जे लिहिलं तिथे मान वळवतो. परक्याच्या घरात शिरल्यावर आपण भिंत, फरशी, छप्पर बघतो, पण खाटेवरच्या आजाऱ्याकडे टक लावून बघत नाही, तसं. उरलेल्या एकशे अकरा कार्डांसाठी मी तोच नियम केला. नोंद करायची ती छापील बाजूची. मजकुराचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही. खूप जुनं आणि खरंच मोलाचं काही निघालं, तर अभ्यासकाला दाखवायचं, नावं झाकून.

राहिलं ते एक. त्याच्याबाबत नियम पुरेना, कारण तिथे लिहिणाऱ्याची इच्छा स्पष्ट होती. फाडलेला कोपरा म्हणजे सूचनाच: वाचा आणि ठेवू नका. पण ज्याला ते आलं, त्यानं ते ठेवलं होतं. रीत मोडून ठेवलं होतं. कदाचित त्याला ते फाडवलं नसेल. घर रिकामं होईपर्यंत ते कुठल्यातरी ट्रंकेत राहिलं. फाडायला सांगायचा हक्क एकाचा, न फाडायचा दुसऱ्याचा. मी या दोघांच्या मध्ये कोण?

मी हे सगळं आईला सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

“ज्यानं ठेवलं, त्यानं स्वतःसाठी ठेवलं,” ती म्हणाली. “आता तो नाही, म्हणून तर बाजारात आलं. तू कुणासाठी ठेवतेस?”

उत्तर एकच होतं, आणि ते मला मोठ्यानं म्हणवेना. माझ्यासाठी. कारण असं कार्ड सहसा कुणाकडे नसतं. कारण ते दुर्मीळ आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी मागच्या अंगणात गेलो. मी कार्ड आधी उभं फाडलं, मग आडवं. जुना कागद सहज फाटला. इतिहासाचं थोडं नुकसान झालं असेल, तर ते मी केलं. ते मी नाकारत नाही. आईनं तुकडे जास्वंदीच्या मुळाशी मातीत पुरले आणि मला म्हणाली, “हातपाय धू आणि मग आत ये.”

स्प्रेडशीटमध्ये त्या ओळीवर अजून ‘१५ पैसे, वाघ, वापरलेलं’ एवढंच आहे. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय: पोचलं.