डेरा उभारलात, माणसाला हाकललंत

बसू नका, उभेच राहा. काल भिलाईच्या वैशाली नगरातल्या प्रदर्शनात तुम्ही मांडणशिल्प म्हणून 'जिप्सी डेरा' उभारलात. रंगीत घागरे टांगलेत, पत्ते पसरलेत, कोपऱ्यात सुरा ठेवलात. पाहुण्यांनी पाठ थोपटली. तोच डेरा बघायला भंगार वेचणारी देवार मुलगी फाटकाशी थांबली, तर तुमच्यातलाच एक ओरडला, "बॅगा सांभाळा रे!" बाकीचे हसलात. मान खाली घालू नका, माझ्याकडे बघा.

ज्या रोमा लोकांचं 'जिप्सी' म्हणून सोंग तुम्ही मांडलंत, त्यांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी याच देशातून गेले. युरोपनं त्यांना चोर ठरवून गावोगावी हाकललं. नाझींनी 2 ऑगस्ट 1944च्या रात्री ऑशविट्झमधली त्यांची छावणी रिकामी केली, ती बायकापोरांना गॅसकोठडीत घालून.

त्याच लोकांतली मालगोर्झाता मिर्गा-तास बघा, पोलंडची रोमा चित्रकार. 2022 साली व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात पोलंडचं दालन तिनं सजवलं. तिथं एखाद्या देशाच्या वतीनं उभी राहिलेली ती पहिली रोमा कलावंत. घरच्यांचे, ओळखीच्यांचे वापरलेले कपडे जोडून तिनं 12 भव्य पट शिवले. सतराव्या शतकात जाक कालो या फ्रेंच चित्रकारानं रोमांना हिणवणारी चित्रं कोरली होती. त्यातलीच माणसं तिनं उचलली आणि मानानं पुन्हा उभी केली. तिच्या पटांवर तिच्या वस्तीतल्या बायका आहेत, त्यांचं रोजचं जगणं आहे. तुमच्या डेऱ्यात एक तरी माणूस होता का? नुसता सुरा होता.

हे दूरचं समजू नका. 1871च्या कायद्यानं इंग्रजांनी इथल्या कितीतरी जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात कोंडलं. 31 ऑगस्ट 1952ला तो कायदा रद्द झाला, पण लोकांची नजर बदलली नाही, हे लक्ष्मण गायकवाडांनी 1987 साली 'उचल्या' या आत्मकथनात लिहून ठेवलंय. तीच नजर काल तुमच्या डोळ्यांत होती.

आणि भिलाईत राहून तुम्हाला देवार ठाऊक नाहीत? गाणं, नाच, गोंदण ही त्यांची पिढीजात कला. हबीब तन्वीरांच्या 'चरणदास चोर'चा पहिला आकार 1974 साली याच भिलाईत लोकांसमोर आला. त्या नाटकात राणी साकारणाऱ्या फिदाबाई मरकाम देवार होत्या. 1982 साली एडिंबराच्या महोत्सवानं त्या नाटकाचा गौरव केला. त्या फिदाबाईंच्याच जातीच्या लेकराला तुम्ही फाटकावरून पिटाळलंत!

आज तो डेरा उतरवा. त्या मुलीच्या वस्तीत जा, तिची माफी मागा. ती माणसं काय सांगतात ते ऐका. त्यांना मान्य असेल तरच नवं मांडणशिल्प करा. ते त्यांच्यासोबत, त्यांच्या नावानं आणि त्यांना पहिल्या रांगेत बसवून. तोवर या कामाला माझ्याकडून एकही गुण मिळणार नाही.