रिकाम्या टँकसमोर

जेवणं उरकली आहेत. विरार फास्टमधली रेटारेटी अजून खांद्यात ठणकते आहे. खुर्ची टँकसमोर ओढा आणि बसा. आत मासा नाही. काही दगड, तळाला पांढरी वाळू, आणि पंपाने हलणारं पाणी. घरातलं कुणीतरी विचारेल, 'मासे कधी आणणार?' उत्तराची घाई करू नका.

आधी पाणीच बघा. अर्नाळ्याचा समुद्र रिक्षाने जाण्याइतका जवळ, तरी यात तिथला एक थेंबही नाही. नळाचं पाणी आरओमधून, मग रेझिनमधून गेलं. टीडीएस मीटरने शून्य दाखवल्यावर त्यात मीठ पडलं, दोनशे लिटरला सात-आठ किलो. स्वयंपाकाचं मीठ नव्हे. कॅल्शियम, मॅग्नेशियम असं समुद्रात असतं ते सगळं घातलेलं. खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर 1.025 दिसलं तेव्हा समुद्र झाला.

दाराशी समुद्र असताना हा उद्योग कशाला? या प्रश्नापाशी जरा रेंगाळा. डोळे मिटा आणि अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर उभे राहा. वैतरणेच्या खाडीतून गाळ येतो, पाणी मातकट दिसतं. सहलीला आलेला माणूस नाक मुरडतो. पण त्या गढूळपणात सूक्ष्म शैवाल पोसतं, त्यावर जवळा, जवळ्यावर बोंबील. किनाऱ्यावर वाळत घातलेले बोंबील ही त्याच गढूळ पाण्याची कमाई. प्रवाळांचा समुद्र बहुतेक ठिकाणी याच्या उलटा असतो. तळ दिसेल इतका नितळ, आणि नितळ म्हणूनच उपाशी. तिथे पाण्यात खायला फारसं काही नसतं. प्रवाळाच्या पेशींमध्ये शैवाल वस्तीला असतं. ते उजेडावर साखर तयार करतं आणि बरीचशी यजमानाला देऊन टाकतं. म्हणजे विरारच्या चौथ्या मजल्यावर आपण जो समुद्र मांडतो आहोत, तो थोडक्यात भागवणारा आहे. आपला हात मात्र अर्नाळ्याच्या सवयीचा, सढळ.

श्वास सावकाश सोडा. आता दगडांकडे बघा.

तिथे काहीच घडत नाहीसं वाटेल. चिमूटभर माशांचं खाणं टाकलं होतं, ते कुजतंय आणि त्यातून अमोनिया सुटतोय. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. जुन्या टँकमधला एखादा जिवंत, म्हणजे जिवाणू वसलेला, दगड आत ठेवला असेल तर त्याने विरजणाचं काम केलं. बाकीचं ज्याचं त्याने लागायचं. चार ते सहा आठवडे धरा. अधूनमधून नळीत पाणी घ्या, थेंब टाका, हलवा आणि पांढऱ्या कागदासमोर धरा. अमोनियाच्या नेहमीच्या किटमध्ये हिरवी झाक म्हणजे अजून आहे, स्वच्छ पिवळं म्हणजे संपला. हिरव्याला पिवळं म्हणायचा मोह होतो, विशेषतः शनिवारी, कारण रविवारी दुकानात जायचं असतं. कागदाकडे पुन्हा एकदा बघा.

मधल्या काळात वाळूवर तपकिरी थर येईल. हात शिवशिवतील. तो थर डायटम नावाच्या शैवालाचा, पाण्यातलं सिलिका संपत आलं की बहुधा आपणच ओसरतो.

काचेवर टेपची एक बारीक खूण चिकटवा. पाणी रोज तिच्या थोडं खाली उतरेल. उडून जातं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. वसईच्या मिठागरांनी याच हिशोबावर पिढ्या काढल्या: ऊन पाणी घेऊन जातं आणि वाफ्यात मीठ ठेवतं. तिथे हवं असतं तेच इथे होऊ द्यायचं नाही. एप्रिल-मेमध्ये पाणी सव्वीस अंशांजवळ ठेवायला पंखा लावाल, तेव्हा खूण आणखी लवकर उघडी पडेल. पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी असू द्या. एवढं पुरे.

आता जे आत येणार नाही, त्याचा विचार करा. 2001 साली कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले. मालवणच्या सहलीत सापडलेला 'सुंदर तुकडा' पिशवीत घालायचा नाही. त्यामुळेच कोस्टल रोडच्या बांधकामावेळी, 2020 मध्ये, वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या 18 प्रवाळ वसाहती उचलून दुसरीकडे बसवाव्या लागल्या. मुंबईच्या त्या पाण्यात प्रवाळ! नितळ पाण्याचा नियम आपण सांगतो, पण हे जीव तो पाळतातच असं नाही. मऊ प्रवाळ घेतानाही तो कुठून आला हे विचारा, बिल मागा. दुकानदार वैतागला तर वैतागू दे.

आणि मग, पाणी तयार झाल्यावर, एक लेदर कोरल येतो. देठावर चामड्यासारखी टोपी, टोपीभर बारीक पॉलिप, प्रत्येकाला आठ स्पर्शिका. दोन दिवस छान फुलेल आणि मग मिटेल. अंगावर मेणचट पापुद्रा येईल, टोपी निस्तेज दिसेल. मेला, असं वाटेल. वास घेऊन बघा. सडका नसेल तर तो कात टाकतोय. प्रवाह जरा त्याच्या बाजूला वळवा, पापुद्रा सुटायला मदत होते. औषध नको, जागा बदलणं नको, बोटाने खरवडणं तर नकोच. त्याच्यासमोर बसा. आठवडाही लागेल.

क्लाऊनफिशची जोडी त्यानंतर. पैदाशीचीच मागा, त्यांची हॅचरी आता ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही आहे. दोन्ही लहान असतील तर अजून कुणी मादी नसेल. हे मासे आधी नर होतात, पुढे जोडीतला वरचढ मादी होतो. कोण होईल, ते त्यांचं त्यांना ठरवू दे.

पहिल्या दिवशी ते काचेपाशी येऊन तोंड उघडझाप करतील आणि घरातले म्हणतील, 'बिचारे उपाशी आहेत, टाक ना अजून.' मिनिटभरात संपेल एवढंच टाका. वाळूवर काही उरलं, तर उद्या त्याच्या निम्मं.