जुने जपायचे म्हणजे नेमके काय जपायचे?

जुना गिटार अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला उघडला की कारागिरापुढे एक नैतिक प्रश्नही उभा राहतो. अमेरिकेतील लिओ फेंडर यांच्या कारखान्यात १९५९ साली बनलेला ‘बासमन’ आपण उदाहरणादाखल घेऊ. दहा इंची चार स्पीकर आणि पूर्वीच्या रेडिओत असत तसे काचेचे व्हॉल्व्ह. तो बनला बास गिटारसाठी. पण इतर गिटारवादकांनीच तो आपलासा केला. आवाज वाढवला की सूर किंचित फाटतो, त्यातच त्याची गोडी आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस लंडनला जिम मार्शल यांनी आपला पहिला अ‍ॅम्प्लिफायर याच सर्किटवर बेतला.

आज प्रत्येक भाग मूळचा असेल तर संग्राहक अधिक किंमत देतात. अडचण इथेच आहे. आतील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर काही दशकांत सुकतात. मूळ प्लग दोन पिनांचा, अर्थिंग नाही. शिवाय विजेची लाईन आणि धातूचा सांगाडा यांना जोडणारा एक छोटा कपॅसिटर असतो. तो शॉर्ट झाला तर वीज सांगाड्यात उतरते आणि तारांतून थेट वादकाच्या हातात येते. कारागीर त्याला ‘डेथ कॅप’ म्हणतात. केवळ मूळचा म्हणून तो तसाच ठेवावा का?

प्लुटार्कने थिसियसच्या जहाजाविषयी हाच प्रश्न नोंदवला आहे: कुजलेल्या फळ्या बदलत गेल्यावर जहाज तेच राहते का? अ‍ॅरिस्टॉटलच्या वाटेने गेलो तर आपण आधी विचारू, ही वस्तू कशासाठी आहे? अ‍ॅम्प्लिफायर वाजवण्यासाठी आहे. म्हणून ज्यांच्यामुळे त्याला त्याचा आवाज मिळतो, ते ट्रान्सफॉर्मर व स्पीकर विनाकारण बदलू नयेत. सुकलेले कपॅसिटर बदलावेत, तीन पिनांचा प्लग बसवावा, डेथ कॅप काढावा. काढलेले भाग पिशवीत घालून मालकाला परत द्यावेत आणि विकताना काय बदलले ते स्पष्ट सांगावे. हे काम मात्र जाणकाराचेच. प्लग काढल्यावरही आत चारशेहून अधिक व्होल्ट साठून राहू शकतात.

कोणी म्हणेल, यामुळे इतिहास पुसला जातो. संग्रहालयाच्या कपाटात, प्लगविना ठेवायचा असेल तर एकही तार हलवू नये, हे आम्हांलाही मान्य आहे. पण ज्या क्षणी कोणी गिटार जोडतो, त्या क्षणी त्याचा हात हा त्या यंत्रातील सर्वांत मौल्यवान भाग ठरतो. बाजार त्याची किंमत लावत नाही. ती आपणच लावली पाहिजे.