कच्ची वही

उर्दू माध्यमाच्या शाळेत मी विज्ञान शिकवतो. काही वर्षांपूर्वी नववीच्या एका मुलीने प्रयोगवहीत लिहिले की, पाणी 98 अंश सेल्सिअसला उकळले. मी लाल पेनाने 98 खोडून 100 लिहिले. ती हळूच म्हणाली, "सर, थर्मामीटर में तो यही दिखा था." मी म्हणालो, "किताब में देखो." तिने पाहिले आणि गुपचूप जागेवर जाऊन बसली.

आमची शाळा पुण्यात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर. इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी साधारण 98 अंशांनाच उकळते. हे मला ठाऊक नव्हते असेही नाही. प्रेशर कुकरचे उदाहरण देऊन तोच नियम मी त्याच आठवड्यात शिकवला होता! बी.एड.ला मूल्यमापनावर पानेच्या पाने लिहिली होती, ती काही कामी आली नाहीत. मुलीच्या डोळ्यांपेक्षा छापील आकड्यावर माझा भरवसा जास्त होता.

तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे. जे अजून पुरते कळलेले नाही, ते ज्ञान जपून कसे ठेवावे? नव्याच्या शोधात निघालेल्या माणसाच्या हाती सुरुवातीला सुटी निरीक्षणे, अर्धवट अंदाज आणि फसलेले प्रयत्नच असतात. ते तसेच टाकून दिले तर पसारा होतो, उद्या काही सापडत नाही. घाईने रांगेत बसवले तर जे बसत नाही ते आपण खोडतो. खोडण्याचा हा हक्क आपल्याला कोणी दिला?

मायकेल फॅरेडे यांच्या वह्या इथे आठवतात. जेमतेम शाळा शिकलेला, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला हा माणूस. 1832 पासून त्यांनी प्रयोगांच्या नोंदींना सलग क्रमांक दिले. 1860 पर्यंत ते 16,000 च्या पुढे गेले. जमलेला प्रयोग आणि फसलेला प्रयोग एकाच रांगेत. क्रमांकामुळे नोंद सापडते, पण तिची किंमत ठरत नाही. 1822 मध्ये विजेचा प्रकाशावर परिणाम होतो का, हे त्यांनी पाहिले. काही दिसले नाही. त्याच दशकाच्या अखेरीस दुर्बिणींसाठी चांगली काच बनवण्यात त्यांची काही वर्षे गेली. त्या कामातूनही फारसे हाती लागले नाही. पण 1845 मध्ये त्याच जड काचेचा तुकडा चुंबकाजवळ ठेवून त्यांनी त्यातून प्रकाश सोडला, आणि प्रकाशावर चुंबकाचा परिणाम प्रथमच दिसला. 1822 चा प्रश्न आणि पडून राहिलेली काच अशी एकत्र आली.

नावांबाबतही ते असेच जपून असत. द्रवात वीज जिथून शिरते आणि बाहेर पडते त्या टोकांना तेव्हा 'ध्रुव' म्हणत. ध्रुव म्हटले की आकर्षण गृहीत धरले जाते, आणि तेच तर सिद्ध व्हायचे होते. म्हणून 1834 मध्ये विल्यम व्हेवेल यांच्याशी पत्रव्यवहार करून त्यांनी अ‍ॅनोड आणि कॅथोड ही नावे घेतली. मूळ ग्रीकमध्ये अर्थ एवढाच : वर जाणारी वाट, खाली जाणारी वाट.

मराठीत अनुभव वेगळा, प्रयोग वेगळा. उर्दूत दोन्हींना 'तजुर्बा' हा एकच शब्द आहे. वर्गात मात्र आम्ही तजुर्ब्याआधीच नतीजा लिहून घेतो.

अर्थात प्रत्येक 98 खरा नसतो. थर्मामीटरचा फुगा भांड्याच्या तळाला टेकला तरी आकडा चुकतो. म्हणून आकड्याशेजारी थर्मामीटर कोणता, फुगा कुठे होता, वाचन कोणी केले हे लिहिणे भाग आहे. चाळीस मुलांच्या वर्गात याला वेळ लागतो आणि परीक्षेत त्याला गुण नाहीत. या अडचणीवर माझ्याकडे उत्तर नाही.

आता मुले एक कच्ची वही ठेवतात. त्यात खोडरबर चालत नाही आणि नतीज्याची जागा रिकामी सोडली तरी मी सही करतो. ती मुलगी मात्र केव्हाच दहावी होऊन गेली. तिची वही घरी गेली तेव्हा त्यात माझ्या लाल अक्षरातला 100 तसाच होता.