शेवट सांगायची भीती

दिवाळी झाली, धानाची कापणी उरकत आली की गोंदिया जिल्ह्यात गावोगावी मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते. दिवसा दंडार हा लोककलेचा खेळ, रात्री झाडीपट्टीचं, म्हणजे या पूर्व विदर्भाच्या मुलखातलं, नाटक. त्याआधी भोंगा लावलेली गाडी आसपासच्या गावांतून फिरते. गाडीतला निवेदक कथानक रंगवून सांगतो आणि ऐन मोक्याला थांबतो. सुनेवरचा आळ खोटा ठरेल का? पोरगा बापाला ओळखेल का? पाहायला विसरू नका! त्याचं कामच ते. सगळं सांगून टाकलं तर तिकीट कोण काढणार?

पहिली कादंबरी हातावेगळी करून प्रकाशकासाठी सारांश लिहायला बसलेला लेखक नकळत याच निवेदकाचा आवाज काढतो. ‘ही माती, माणसं आणि बदलत्या काळाची कहाणी आहे. शेवटी काय घडतं, ते प्रत्यक्षच वाचावं.’ पुढे तीन टिंबं. संपादकाला यातून काय कळणार? तो तिकीट काढून बसलेला प्रेक्षक नव्हे. त्याची जागा झाडीपट्टीतल्या प्रॉम्प्टरची. फारशा तालमी न होता उभ्या राहणाऱ्या त्या नाटकात प्रॉम्प्टरच्या हाती संहिता असते, शेवटच्या प्रवेशासकट. त्याच्यापासून शेवट लपवून कसं चालेल?

सारांशाचे नियम तसे थोडके. एक-दोन पानं पुरेत. कादंबरी ‘मी’ने सांगितलेली असली तरी सारांश तृतीयपुरुषी, वर्तमानकाळात. तीन-चार मुख्य पात्रं ठेवावीत, उपकथानकं गाळावीत. कोणाला काय हवं आहे, आडवं काय येतं, त्यावर तो काय करतो आणि त्याचं काय होतं, एवढं सरळ सांगावं. वर्णनाला आणि स्वतःच्या कौतुकाला तिथे जागा नसते.

समजा, कादंबरी नवेगावबांधसारख्या तलावाकाठच्या ढिवर, म्हणजे मासेमार, कुटुंबाची आहे. मग सारांश असा चालेल : तलावाचा ठेका मच्छीमार संस्थेच्या हातून जाण्याची वेळ येते. संस्थेचा अध्यक्ष असलेला थोरला भाऊ बाहेरच्या व्यापाऱ्याला आतून सामील आहे, हे धाकट्याच्या बायकोला कळतं. ती त्याच्याविरुद्ध निवडणुकीला उभी राहते. निवडून येते, ठेका वाचतो. पण घराची वाटणी होते आणि तिचा नवरा गाव सोडून जातो.

इथवर आलं की लेखकाची लेखणी अडते. नवरा का जातो? भावाच्या मायेपोटी, की बायको पुढे गेली म्हणून? एका वाक्यात हे सांगता येत नसेल, तर बहुधा तीनशे पानांतही ते आलेलं नसतं. तिथे तलावावरची पहाट असते, पाणपक्षी असतात, जाळं विणणारे हात असतात; नवऱ्याचं मन तेवढं राहून गेलेलं असतं. चांगल्या वर्णनाखाली अशी भोकं सहज झाकली जातात. सारांशात वर्णनच नसतं, म्हणून ती उघडी पडतात. तो प्रकाशकासाठी लिहायचा असला, तरी पहिला फायदा लेखकाचाच.

शेवट कळला तर गोडी जाईल, ही भीती आपल्या मातीला तर मुळीच शोभत नाही. वाल्मीकी रामायणाच्या पहिल्याच सर्गात नारद वाल्मीकींना रामाची कथा शेवटापर्यंत सांगून मोकळे होतात. सुमारे चोवीस हजार श्लोकांच्या ग्रंथाचा हा शंभरेक श्लोकांचा सारांश ग्रंथाच्या दारातच आहे. तरी पुढचं कोणी वाचायचं सोडलं नाही. रावण मरणार हे ठाऊक असलेली माणसंच पिढ्यान्‌पिढ्या रामकथा ऐकायला रात्र जागवत आली.

तेव्हा शेवट लपवण्याची ओढ लागली की स्वतःलाच विचारावं : तो गुपित आहे म्हणून सांगवत नाही, की अजून आपलाच ठरलेला नाही म्हणून? आज एवढंच करावं. कादंबरीचा शेवट, त्याच्या कारणासकट, दोन वाक्यांत लिहून काढावा. जमलं, तर सारांशाचं निम्मं काम झालं. नाही जमलं, तर सारांश बाजूला ठेवून पुन्हा हस्तलिखित उघडावं. खरं काम तिथे बाकी आहे.