शब्दार्थ आणि अंतरार्थ

शास्त्रवचनाचा गूढार्थ हाती आला, म्हणजे त्याचा उघड अर्थ आचरण्याचे प्रयोजन उरते काय? हा प्रश्न केवळ ब्रह्मविद्येच्या अभ्यासकापुढेच उभा राहतो असे नाही. आपल्या नागपुरातील मेहदीबाग ही 'अत्बा-ए-मलक' या बोहरा शाखेची वसाहत १९ व्या शतकाच्या अखेरीस स्थापन झाली. बोहरांची परंपरा इजिप्तच्या फातिमी इमामांपर्यंत पोचते, आणि त्या परंपरेत या प्रश्नाचा सूक्ष्म विचार झालेला आहे.

कुराणाच्या उघड अर्थास तेथे 'जाहिर' व आतील अर्थास 'बातिन' म्हणतात. बातिन उलगडण्याच्या रीतीस 'तावील' अशी संज्ञा आहे. काजी नुअमान (मृत्यू इ. स. ९७४) यांनी 'दआइमुल इस्लाम' या ग्रंथात नमाज, रोजा, जकात इत्यादींचे विधिनियम सांगितले आणि त्याच विधींचा अंतरार्थ वेगळ्या ग्रंथात मांडला. पाण्याने देह शुद्ध होतो, तसा ज्ञानाने जीव शुद्ध होतो, अशी ती रीत. परंतु दुसऱ्या ग्रंथाने पहिला रद्द झाला नाही. ज्ञान लाभले म्हणून पाणी सोडावे, असे त्यांचे मत नव्हे.

इराणातील अलमूत येथे निराळे घडले. तेथील निजारी इस्माइलींचे अधिपती दुसरे हसन यांनी ११६४ साली 'कियामत' घोषित केली आणि बाह्य विधींचे बंधन संपले असे मानले गेले. पुढे १२१० मध्ये त्यांच्याच नातवाने ते विधी पुन्हा लागू केले. बातिनी मताचे कठोर खंडन करणारे इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनीही अंतरार्थ नाकारला नव्हता. पादत्राणे काढण्याची ईश्वराज्ञा होताच मूसांनी पायांतील जोडे काढले आणि अंतरी दोन्ही लोकांची आसक्तीही टाकली, असे त्यांचे विवेचन आहे. यांपैकी एकच पाहणारा त्यांच्या मते अपुरा होय.

आपल्या दृष्टांतपाठात केशिराजव्यासांनी सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी रचना केली. दृष्टांताचा रोख कोठे आहे हे दार्ष्टांतिक ठरविते; ते वाचकाच्या रुचीवर सोडलेले नाही. सूत्राचा अर्थही प्रकरण पाहूनच लावावयाचा असतो. सकळ लिपीचे कुलूप २० व्या शतकात सर्वांसाठी उघडले. तथापि अक्षरे वाचता आली म्हणजे अर्थ लावण्याचा अधिकार आला, असे होत नाही.

भिक्षा म्हणजे मनाची दीनता आणि अटन म्हणजे चित्ताचे निःसंग फिरणे, असे कोणी म्हणेल. अर्थ सुंदर आहे. परंतु तो सांगणाऱ्याच्या खांद्यावर झोळी नसेल, तर तो अर्थ बुद्धीने लावला की आळसाने, हे त्याने स्वतःस विचारावे. उलट झोळी खांद्यावर असून अंतरी अभिमान असेल, तर शब्द पाळला गेला आणि अर्थ निसटला. ज्या अंतरार्थाने आपले कर्तव्य वाढते तो स्वीकारताना सहसा फसगत होत नाही. ज्याने ते हलके होते, तो भिक्षुक व वासनिक दोघांनीही अधिकारी पुरुषापुढे ठेवल्याविना ग्रहण करू नये.

दंडवत प्रणाम.